ध्रुवापारचा नवा सीझन आणि केरूचा नंबर

१ ऑगस्ट, शुक्रवार

आजपासून ‘ध्रुवापार’चा नवा सीझन. आजपासूनच ही रोजनिशी. दर शुक्रवारी सात वाजता एपिसोड बघायचा आणि झोपायच्या आत शास्त्रशुद्ध अभिप्राय लिहून काढायचा. आर्मी सिग्नल्समध्ये सगळी नोकरी काढलेल्या माणसाने अंतराळयानावर मत द्यायचं नाही, तर काय उंब्रजच्या भाजीबाजाराने द्यायचं?

मुळात मी मालिका बघणारा माणूस नाही. हे खूळ केरूचं. केरू वायरमन, माझा शाळेपासूनचा दोस्त. मी पेन्शनवर घरी आलो त्याच वर्षी ही परदेशी मालिका हिंदी आवाजात टीव्हीवर सुरू झाली. एक यान घराची वाट चुकलंय, ते परत चाललंय. अजून पोचलेलं नाही. केरू दर शुक्रवारी सायकलवरून यायचा, खिशात उकडलेल्या शेंगा, माझ्या डावीकडच्या खुर्चीत बसायचा. कट्टर चाहता. दर एपिसोडला एकदा तरी विचारणार, ‘आता ह्यो कोण?’ मी समजावून सांगायचो. कधीकधी ऐकता ऐकता डोळे मिटून घ्यायचा. एकाग्रता.

गेल्या सप्टेंबरात गेला. हार्ट. आता मी बघतोय ते केवळ हातात घेतलेलं काम अर्धवट सोडायची मला सवय नाही म्हणून.

अभिप्राय: कॅप्टन ऑरेन मरून तीन सीझन झाले. सगळ्या क्रूने सलामी देऊन त्याला अंतराळात सोडला. आज शेवटच्या मिनिटाला रेडिओवर त्याचाच आवाज. ‘घर किस तरफ़ है?’ साफ चूक. सोर्स बंद की सिग्नल बंद. नवा रिक्रूटसुद्धा सांगेल.

सातच्या आधी फाटकाशी सायकल स्टँडवर लावल्याचा आवाज आला. जाऊन बघितलं. कोणी नाही. गोठ्याचा पत्रा दिवसभर तापतो आणि संध्याकाळी निवताना वाजतो. आज दिवसभर ऊन नव्हतं, पण पत्र्यात उष्णता साठून राहते.

२ ऑगस्ट, शनिवार

दुपारी चहा पिताना मोबाईल वाजला. स्क्रीनवर नाव: केरू.

वाजला, वाजला, थांबला. कंपन्या जुने नंबर नव्या लोकांना देतात. कुणीतरी नवा ग्राहक चुकून लावत असणार. उचलून त्याचा वेळ घेणं बरोबर नाही. ही (म्हणजे संयोगिता, आमच्या घरची ब्रिगेडियर) म्हणाली, कुणाचा होता? म्हणालो, कंपनीचा.

चहा बशीत ओतून तसाच विसरलो. वयामुळे.

८ ऑगस्ट, शुक्रवार

संकल्प: लक्ष्मी वहिनींना भेटून यायचं. केरूची बायको. तो गेल्यावर मुलीकडे राहायला गेल्या, कवठे महांकाळला. मातीला मी होतो. शेवटच्या रांगेत. वहिनींनी माझ्याकडे बघितलं तेव्हा मी नेमका विजेच्या खांबाकडे बघत होतो, त्यामुळे बोलणं झालं नाही. मग उसाची तोड आली. मग गुडघा. मग उन्हाळा. आणि आता इतका उशीर झालाय की अचानक गेलो तर वहिनींना वाटेल, काय झालं म्हणून आला. तरी या महिन्यात नक्की.

अभिप्राय: एपिसोड दोन. आवाज ‘मूक पट्ट्या’तून येतोय म्हणे. तिथे तारे नाहीत, ग्रह नाहीत, काहीच नाही. मग अँटेना कुठे बसवली? लेखक लोक फार बिघडलेत.

मध्येच शेंगांचा वास आला. हिला विचारलं, शेंगा उकडल्यास का? नाही म्हणाली. शेजाऱ्यांकडे असतील. शेजारी गावाला गेलेत, पण वास हवेत टिकतो.

१० ऑगस्ट, रविवार

मोठी बातमी. लेक प्रियदर्शनी साताऱ्याहून आली होती. म्हणाली, अण्णा, रोजनिशी कोण वाचणार, यूट्यूबवर बोला. चॅनेल उघडून दिलं: ‘नाथाजींचा अभिप्राय’. बैठकीत मी माझ्या खुर्चीत, समोर तिचा मोबाईल. आवाज स्वच्छ यावा म्हणून पंखा बंद. एकदाही न अडखळता बोललो. विषय: मेलेला माणूस रेडिओवर का बोलू शकत नाही.

झाल्यावर तिने व्हिडिओ पुन्हा लावून बघितला. भारावली असणार.

मग म्हणाली, ‘अण्णा, तुमी सारखं डावीकडं कुणाकडं बघत होता?’

म्हणालो, कॅमेऱ्याचा अँगल.

११ ऑगस्ट, सोमवार

व्हिडिओ नीट बघितला. दर दोनचार वाक्यांनी मी डावीकडे वळतो. म्हणतो, ‘व्हय का न्हाई?’ आणि थांबतो. उत्तराला लागेल एवढा वेळ थांबतो. मग मान हलवतो. उत्तर पटल्यासारखी.

एके ठिकाणी हसतोसुद्धा.

ही वक्तृत्वाची एक पद्धत आहे. श्रोत्यांना सामील करून घेणे. मला ती उपजत येत असावी.

डावीकडची खुर्ची अजून तिथेच आहे हे खरं. हलवली तर मागे भिंतीवर ओल दिसते. म्हणून ठेवलीय. काल हिने तिच्यावर टॉवेल वाळत घातला तेव्हा मी थोडं मोठ्याने बोललो. ती ओल्या कपड्यांबद्दलची माझी जुनी तक्रार आहे.

१६ ऑगस्ट, शनिवार

कालचा एपिसोड ठीक. पण खरी बातमी वेगळी. चॅनेल पेटलं! आठवडाभर मेव्हणा सोडून कोणी बघत नव्हतं, आणि आज मोबाईल थांबायचं नाव घेत नाही. कराडचे लोक, विट्याचे लोक. समाजाला शास्त्राची भूक आहे, फक्त कोणी वाढत नाही. हिला म्हणालो, मोठा टीव्ही घ्यावा लागणार. ही म्हणाली, आधी कमेंटा वाचा.

चष्मा सापडला की वाचतो.

१७ ऑगस्ट, रविवार

सकाळी दूध घालायला डेअरीवर गेलो. अमृत मापं लावत होता. म्हणाला, ‘नाथाआबा, तुमचं भूत लय भारी हाय.’

घरी येऊन कमेंटा वाचल्या. ‘शेजारी कोण बसलंय?’ ‘खुर्ची हलली, नीट बघा.’ ‘आजोबा ज्याच्याशी बोलतायत तो मला दिसला.’ एकाने त्या जागेला लाल गोल काढलाय. शास्त्राबद्दल एक अक्षर नाही.

खुर्ची हलली ती पंख्याच्या वाऱ्याने, असं खाली लिहायला बसलो. मग आठवलं, पंखा बंद होता.

चॅनेल काढून टाकलं. उथळ लोकांसाठी मी माझा वेळ देणार नाही. त्याआधी तो व्हिडिओ आणखी एकदा बघितला. हसतो तिथे थांबवून बघितलं. खुर्ची रिकामी आहे. माझं तोंड मात्र रिकाम्या खुर्चीकडे बघणाऱ्या माणसाचं नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

कालचा एपिसोड बघता आला नाही. पोट बिघडलं होतं. सायकलच्या स्टँडचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आज पुन्हा ‘केरू’चा फोन. मी परसात निघून गेलो. परत येतो तर हिने उचललेला, आणि बसून बोलतेय. ‘व्हय वहिनी. आवं, न्हाई वहिनी.’

लक्ष्मी वहिनी होत्या. केरूचा नंबर बंद करू वाटेना म्हणून त्याचाच मोबाईल वापरतात. गेले वर्षभर मला लावतायत. मला शंका होतीच. शास्त्राने हेच सांगितलं होतं: सोर्स असल्याशिवाय सिग्नल नाही.

चौदा सप्टेंबरला, रविवारी, केरूचा पहिला स्मृतिदिन. कवठे महांकाळला मुलीच्या घरी. बुद्धवंदना होईल, मग चार लोक बोलतील. वहिनींचं म्हणणं, नाथाजी भावजींनी दोन शब्द बोलावेत, त्यांच्याएवढं त्यास्नी कोण वळखत हुतं? हिने माझ्या वतीने होकारही देऊन टाकला.

हरकत नाही. भाषण आपला प्रांत आहे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

अभिप्राय: आजचा एपिसोड फार संतापजनक. कॅप्टनचा आवाज रोज हाक मारतोय, आणि ती डॉक्टर सिल्वा, त्याची सगळ्यात जवळची, नुसती हेडफोन लावून ऐकत बसते. उत्तर देत नाही. बटण समोर आहे. कारणं काय तर म्हणे यंत्र बिघडलंय, म्हणे वादळ आहे, म्हणे तो आवाज खरा नसेल. अरे, एक बटण दाबायला काय होतं? असल्या भित्र्या माणसांना आर्मीत गेटवरसुद्धा उभं करत नाहीत.

एपिसोडच्या मध्येच वहिनींचा फोन आला होता. हिला खुणेने सांगितलं, मी शेतावर आहे म्हण.

ही तसं म्हणाली. पण म्हणताना माझ्याकडे बघत म्हणाली.

५ सप्टेंबर, शुक्रवार

सातला ही चहा घेऊन आली. ट्रेमध्ये तीन कप.

मी बघितलं. तिने बघितलं. इतक्या वर्षांची हाताची सवय, दुसरं काय. तिसरा कप तिने खिडकीत ठेवला आणि पदराने उगाच ट्रे पुसत उभी राहिली. मग म्हणाली, केरू भावजी साखर जास्त घालायला सांगायचे, तशीच घातली गेली.

एपिसोड तिनेही बघितला. पहिल्यांदाच. शेवटपर्यंत बसली, पण त्या खुर्चीत नाही. खाली, सतरंजीवर.

अभिप्राय: लक्ष लागलं नाही. लेखकांचा दोष.

चहावर साय धरली तरी मी तो कप बघत होतो. त्यातून वाफ येणं केव्हाच थांबायला हवं होतं. मला ती बराच वेळ दिसत होती. चष्म्याचा नंबर बदलला असावा.

१३ सप्टेंबर, शनिवार

भाषण तयार. सुरुवात अशी: ‘केरू हा ध्रुवापारचा कट्टर चाहता. मला त्या मालिकेत रस नव्हता, पण मित्राचं मन मोडू नये म्हणून मी आयुष्याचे इतके शुक्रवार त्याच्यासाठी दिले.’ पुढे सिग्नलचं महत्त्व, मग सांगता. आरशासमोर दोनदा म्हटलं. ‘शुक्रवार’ या शब्दावर घसा बसतो. तो शब्द काढून ‘संध्याकाळ’ घातला. त्यावरही बसतो. हवामान.

उद्या पहिल्या गाडीने निघायचं. ही येऊ शकत नाही, म्हैस व्यायला झालीय.

१४ सप्टेंबर, रविवार

एसटीच्या कारभारावर एकदा सविस्तर लिहायला हवं.

सातारा–सांगली गाडीत खिडकी मिळाली. कराड गेलं. नंतर कधीतरी माझं लक्ष पुढच्या माणसाकडे गेलं. दोन सीट सोडून पुढे. पाठमोरा. निळी टोपी, बाहेर आलेले कान, आणि हाताचा पंजा मानेवर पालथा फिरवायची ती लकब. खांबावरून उतरला की केरू असाच मान चोळायचा.

मला ठाऊक होतं की तो केरू नाही. हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

इस्लामपूरला तो उतरला. मीही उतरलो. पाय मोकळे करायला. तो स्टँडच्या कँटीनकडे चालला, सावकाश, डाव्या पायावर जरा जोर देऊन. मी मागे. हाक मारली नाही. हाक मारली असती तर तो वळला असता, आणि वळेपर्यंतच तो केरू होता.

तो चहाला टेबलाशी बसायला म्हणून वळला. चेहरा दुसऱ्याच कुणाचा. चांगला माणूस होता. म्हणाला, ‘काय पावणं, वळखीचं काय?’ म्हणालो, नाही. तो म्हणाला, बसा की मग. खुर्ची पुढे सरकवली.

बसलो. तेवढ्यात माझी गाडी सुटली. तीन मिनिटं थांबायला हवी होती.

त्याने विचारलं, कुणीकडे निघालाय? मी सांगायला लागलो, आणि सांगता सांगता सगळं भाषण त्याच्यापुढे झालं. शुक्रवारासकट. तो अगदी मन लावून ऐकत होता. म्हणाला, ‘लय वाईट झालं.’ माझ्या चहाचे पैसे त्यानेच दिले.

पुढच्या गाड्या होत्या, पण बसायला जागा दिसेना. उंब्रजची गाडी मात्र रिकामी होती.

घरी हिने विचारलं, झालं का भाषण? म्हणालो, झालं. लोक हलले का? म्हणालो, ऐकणाऱ्याला लागलं. यात खोटं काही नाही.

दिवेलागणीला केरूच्या नंबरवरून फोन आला. हिने उचलला. ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘न्हाई वहिनी, तब्येत बरी हाय त्यांची. व्हय. थांबला हुता व्हय तुमी.’

फोन ठेवून ही गोठ्यात गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सीझनचा शेवटचा एपिसोड.

अभिप्राय: यान अखेर मूक पट्ट्यात शिरलं. सगळीकडे काळोख. डॉक्टरने शेवटी ते बटण दाबलं. म्हणाली, ‘मैं सुन रही हूँ.’ आणि पलीकडून काही नाही. बराच वेळ काही नाही. मग पडदा काळा, आणि पुढच्या वर्षी म्हणे. इतके शुक्रवार लोकांना बसवून ठेवायचं आणि उत्तर द्यायचं नाही. निषेध.

आज सायकलचा आवाज आला नाही. मी सातच्या आधीपासून कान देऊन होतो, त्यामुळे खात्रीने सांगू शकतो.

येणारा आवाज बंद झाला तर माणसाला बरं वाटायला हवं.

२१ सप्टेंबर, रविवार

हिने सकाळी दोन पिशव्या दारात आणून ठेवल्या आणि म्हणाली, चला. म्हैस, गुडघा, पाऊस असे तीन मुद्दे मांडले. तिने छत्री माझ्या हातात दिली.

इस्लामपूरला मी उतरलो नाही. हिने माझी बाही धरली होती.

कवठे महांकाळला वहिनी ओसरीत शेंगा फोडत बसल्या होत्या. वहिनी अंगाने वाळल्या आहेत. पण हसल्या तशाच. आतल्या भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी केरूचा फोटो, निळ्या टोपीतला. त्याच्यासमोर मी उभा राहिलो तेव्हा मला वाटलं होतं की काहीतरी होईल. काही झालं नाही. फोटो होता.

मग मी भाषण सुरू केलं. उभ्यानेच. ‘केरू हा ध्रुवापारचा कट्टर चाहता,’ एवढं म्हणालो आणि वहिनी हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून हसत होत्या. हिला म्हणाल्या, ऐका.

मग मला म्हणाल्या, ‘त्यास्नी त्यातलं काय बी कळत न्हवतं, भावजी. घरी येऊन सांगायचे, आज बी त्ये यान पोचलं न्हाई. मी म्हनायची, मग जाता कशाला दर शुक्रवारी? तर म्हनायचे, नाथा मिलिट्रीतनं आलाय, गावात त्याचं कुणाशी जमंना. म्या न्हाई गेलो तर त्यो सांगल कुणाला?’

मी खाली बसलो. शेंगा फोडायला घेतल्या. कुणीतरी फोडायलाच हव्या होत्या.

थोड्या वेळाने वहिनींनी विचारलं, ‘मग आता कुणाला सांगता?’

म्हणालो, कुणालाच नाही.

‘तर मला सांगा की. एवढं लांब आलाय.’

सगळा सीझन सांगितला. आवाज, मूक पट्टा, डॉक्टर, बटण. वहिनी शेंगा फोडत ऐकत होत्या. मध्ये एकदाही ‘ह्यो कोण’ असं विचारलं नाही. त्यांना सगळी नावं माहीत होती. तो घरी येऊन सांगत असणार. न कळलेलंसुद्धा सांगत असणार.

शेवटी म्हणाल्या, ‘म्हंजी त्यो कॅप्टन मेलाय का जित्ता हाय?’

म्हणालो, पुढच्या वर्षी कळेल वहिनी. सायन्समध्ये तसं एकदम नक्की सांगता येत नाही.

त्यांनी टरफलं सुपात भरली, उठल्या, आणि दारात जाऊन टाकून आल्या.

‘आमच्यात तसं न्हाई, भावजी,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्यात कळतंय, गेलेला गेला त्ये.’

नंतर जेवणं झाली. कालवण तिखट होतं, त्यामुळे मला दोनदा उठून मोरीवर तोंड धुवायला जावं लागलं. ही म्हणाली, कालवण तर अळणी होतं. हिला चवीचं ज्ञान नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज एपिसोड नाही. टीव्ही बंद. ही समोर निवडणं घेऊन बसलीय.

तिला सांगितलं की मला हे पहिल्यापासून माहीत होतं. केरूला ती मालिका आवडत नव्हती, हे न कळण्याइतका मी बावळट नाही. आणि मलाही ती कधी आवडली नाही. यान पोचत नाही, शास्त्राचा पत्ता नाही, हिंदी आवाज भसाडा. मी टीव्हीसमोर बसत होतो तो फक्त केरूसाठी.

हिने मेथीची एक जुडी संपवली. दुसरी घेतली.

मग म्हणाली, ‘त्यास्नी आवडत न्हवती. तुमाला आवडत न्हवती. मग एवढी वर्सं त्ये बघत कोण हुतं?’

सातपासून विचार करतोय. ही दोनदा जेवायला बोलावून गेली.